चिऊसाठी तालीम

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझ्यापुरती.

चिऊचं आधीच ऐकायला हवं होतं, हे मान्य. मागच्या आठवड्यापासून सांगत होती की बंद टॉकीजच्या कोपऱ्यावर, भिंतीवर बसणारा एक मुलगा कोचिंगला जाताना तिच्या सायकलचं हँडल धरतो. बोलत काही नाही. नुसतं धरून ठेवतो आणि त्याला वाटेल तेव्हा सोडतो. पोरगी तेरा वर्षांची.

सकाळी बाथरूममध्ये वाक्य पाठ केलं: ‘हैंडल छोड़. दुबारा इस मोड़ पर दिखना मत.’ आमच्या बाथरूममध्ये आवाज छान घुमतो.

संध्याकाळी तिच्या मागे मागे स्कूटरवरून गेलो. मुलगा होता. सतरा-अठराचा असेल, मिसरूड फुटलेलं. त्याने हँडल धरलं. मी स्कूटर स्टँडवर लावून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो बघत राहिला. मी म्हणालो, ‘और भिया, पढ़ाई कैसी चल रही है?’ तो म्हणाला, ‘बढ़िया, अंकल.’ मग मी छान छान म्हणून थोडा बाजूला झालो, कारण मागून ऑटो येत होती. त्याने हँडल त्याला वाटलं तेव्हा सोडलं.

देवासमध्ये भिया सगळ्यांनाच म्हणतात. दूधवाल्याला, साहेबाला, ट्रॅफिकच्या हवालदाराला. शिवाय ही सायकॉलॉजी आहे. समोरच्याला आधी बेसावध करायचं.

येताना चिऊसाठी कचोरी आणली. सहज. जेवताना तिने विचारलं, ‘बाबा, भिया म्हणजे भ्यालेला का? तुम्ही मला भिऊ नको म्हणता ना, तोच वर्ड आहे?’ तिची शाळा हिंदी, मराठी नुसती कानावरची, त्यामुळे असे घोळ होतात. तो मालवी शब्द आहे, अर्थ भाऊ, असं मी समजावून सांगितलं. ती अच्छा म्हणाली. अवंतीने पोळी वाढली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बँकेत मार्च असो की सप्टेंबर, बायको दमूनच येते.

निर्णय: चिऊला मार्शल आर्ट शिकवायचं. देवासमधली सर्वांत चांगली शाळा मी शोधणार.

१० सप्टेंबर, मंगळवार

कंपनीत मी क्वालिटीत आहे. इन्स्पेक्शनशिवाय एक नट पुढे जाऊ देत नाही. मग मुलगी कशी जाऊ देईन? आधी पाहणी, मग तुलना, मग ट्रायल, मग अ‍ॅडमिशन. आठवड्याचं काम आहे.

धारला वडिलांना, म्हणजे बापूंना, फोन केला. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे बापू अजून त्याच काळातलं मराठी बोलतात. म्हणाले, ‘अजेय, मुलीस चांगल्या तालमीत घाल.’ फोन ठेवल्याबरोबर गुगलवर ‘देवास में अच्छी तालीम’ टाकलं. गणिताचे कोचिंग, बी.एड. कॉलेज आणि एक नर्सरी निघाली. हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण, हे मला माहीत होतं. घाईत विसरलो.

माझं नावच अजेय आहे. बापूंनी विचार करूनच ठेवलं असणार.

१४ सप्टेंबर, शनिवार

पहिली शाळा पाहिली. पिठाच्या चक्कीवर, पहिल्या मजल्यावर. बोर्डावर ‘कराटे’च्या ऐवजी ‘करांटे’. जिन्यात पीठ. जमिनीवर लाल-निळ्या मॅट एकाआड एक, पण एका ठिकाणी दोन लाल शेजारी शेजारी. आमच्याकडे असा लॉट परत जातो.

शिकवणारे राजवीर सर तिशीतले, आवाज बेताचा. एक बारकं पोर सारखं चुकत होतं आणि रडकुंडीला आलं होतं. सर ओरडले नाहीत, हसले नाहीत, खाली बसून एवढंच म्हणाले, ‘फिर से.’ पोराने परत केलं, परत चुकलं. सर परत ‘फिर से’. ही काही शिस्त नव्हे.

शिवाय लोकेशन. ही चक्की टॉकीजच्या कोपऱ्याच्या पुढे शंभर पावलांवर आहे. त्या कोपऱ्यावर ट्रॅफिक फार. बाद.

१८ सप्टेंबर, बुधवार

चिऊ कोचिंगहून उशिरा आली. म्हणाली, ‘मी आता लांबून चालली जाते. तिकडे हवा चांगली आहे.’ लांबून म्हणजे मोठ्या रस्त्याने, जिथे ट्रक जातात. तिकडे हवा कशी चांगली असेल?

मीही हल्ली कंपनीतून त्याच बाजूने येतो. तिकडचा पेट्रोल पंप माप बरोबर देतो.

तिच्या पायाला चेनचं ग्रीस लागलं होतं. चेन वाटेत उतरली होती आणि तिने एकटीने बसवली होती. मला फोन का केला नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही बिझी असाल. मी बिझी नव्हतो. पंपावर उभा होतो. वाईट वाटलं. उद्यापासून शोध दुप्पट वेगाने.

कचोरी आणली.

२२ सप्टेंबर, रविवार

बायपासची एसी अ‍ॅकॅडमी. याला म्हणतात शाळा. काचेचं दार, सोफा, भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये ड्रॅगन. रिसेप्शनिस्टने वर्षात ब्लॅक बेल्टची गॅरंटी दिली. गॅरंटी हा शब्द ऐकला की मला बरं वाटतं.

वर्ग चालू असताना पाहू द्या म्हणालो. त्यांनी टीव्हीवर व्हिडिओ लावला. खरा वर्ग दाखवा म्हणालो तर सर रील शूट करत होते. ताबडतोब सही केली तर आजच प्रवेश, आणि मुलगी मध्येच सोडून गेली तरी करार वर्षभर लागू. मी सही करणार होतो. पेन हातात होतं. पण मुलीला न विचारता असा निर्णय घेणारा बाप मी नव्हे.

घरी येऊन चिऊला विचारायचं राहिलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तिसरी जागा. शाळेच्या मैदानावर तायक्वांदो. मॅडम चांगल्या, मुली बऱ्याच, वेळ सोयीची. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग मोजणी सुरू झाली, कोरियन भाषेत. आमच्या चिऊला मराठीत एकोणऐंशी म्हणजे किती हे माहीत नाही आणि तिला कोरियन आकडे शिकवायचे? घरात मराठी टिकवायची जबाबदारी शेवटी कुणाची?

अवंतीने विचारलं, झालं का ठरवून? मी म्हणालो, घाईत लॉट पास केला तर नंतर कस्टमर कम्प्लेंट येते. तिने विचारलं, कस्टमर कोण? उत्तर सुचलं, पण तोवर ती आत गेली होती.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती. अहिंसेचा दिवस, म्हणून शोधाला सुटी. धारला गेलो. एकटाच. चिऊचा कोचिंगचा टेस्ट होता.

बापूंनी सगळं विचारलं. मॅट, बोर्ड, आकडे, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘भिंतीवर काय टांगले आहे ते कशास पाहतोस? वर्गात सर्वांत भित्रे पोर कोणते ते पाहा, आणि गुरू त्याच्याशी कसा वागतो ते पाहा. तालीम एवढ्यावरून कळते.’

तसं एका ठिकाणी पाहिलं होतं. पण तिथे दोन लाल मॅट शेजारी शेजारी आहेत.

निघताना बापूंनी विचारलं, ‘तो मुलगा अजून धरतो काय रे तिची गाडी?’ मी म्हणालो, नाही, आता बंद झालं. खोटं नाही ते. ती त्या रस्त्याने जातच नाही. तरी येताना वाटेतल्या घाटाबिल्लोदपर्यंत बसमध्ये माझं कशात लक्ष लागेना.

५ ऑक्टोबर, शनिवार

नवा विचार. मुलीला शिकवण्याआधी बापाने शिकलं पाहिजे. कराटेचा ड्रेस ऑनलाइन मागवला होता, तो आला. साइज मोठा. पँट बगलेपर्यंत येते. पांढरा पट्टा बांधायची पद्धत व्हिडिओत बघितली, पण गाठ शेवटी आपल्या नेहमीच्या पायजम्याचीच पडली. अवंती म्हणाली, दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसतोस. चिऊ मात्र हसली नाही. तिने पट्टा सोडला, दोनदा गुंडाळला आणि अशी पक्की गाठ मारून दिली की जेवणानंतर मला ती सुटेना.

मुलं हल्ली यूट्यूबवर काय काय शिकतात.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नवरात्र. घरात भक्तिभाव वाढला आहे. अवंती आणि चिऊ मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी टेकडीवर देवीला जातात. हे नवरात्राच्या आधीपासून चालू आहे. दोघी घामाघूम होऊन येतात, पण चेहरे प्रसन्न. प्रसाद मात्र कधी आणत नाहीत. आज विचारलं तर एकमेकींकडे बघायला लागल्या. गर्दीत मिळाला नसेल.

चिऊला कसलंतरी जपानी कार्टून लागलं आहे. भांडी लावताना ‘इची, नी, सान’ असं मोजते.

मी हॉलमध्ये किकची प्रॅक्टिस केली. लोणच्याची बरणी टेबलाच्या फार कडेला ठेवलेली होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. शस्त्रपूजन. बापूंकडे तलवार होती म्हणतात, आमच्याकडे विळी आहे. पाटावर विळी, माझा मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर आणि स्कूटरची किल्ली ठेवली. कराटेचा ड्रेस घालूनच पूजा केली. हळद-कुंकू वाहताना पाहिलं, चिऊने एक पांढरा पट्टा घडी करून विळीशेजारी ठेवला होता. माझा पट्टा माझ्या कमरेला होता. म्हणजे ऑनलाइनवाल्यांनी एक जास्तीचा पाठवला. फुकटचं ठेवून घेऊ नये, पण परत करायला वेळ कुणाला आहे?

संकल्प केला: दिवाळीच्या आत शाळा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गुडघा दुखतो. कॉलेजात क्रिकेट खेळताना लागला होता, तो अचानक वर आला आहे. बरणीशी संबंध नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी आली. शाळा ठरली नाही. फटाक्यांच्या धुरात कोणता क्लास चालतो?

चिऊने आकाशकंदील लावायला मदत केली. शिडीवर मी उभा, तिने खालून शिडी धरली होती. मी म्हणालो, घट्ट धर. ती म्हणाली, ‘धरलीय, बाबा. मी नाही सोडत.’ साधंच बोलली ती. मला मात्र ते हँडल आठवलं, आणि मी बाजूला झालो होतो ते आठवलं. ऑटो तशी बरीच लांब होती. इतक्या दिवसांत त्या संध्याकाळबद्दल पोरगी एका शब्दाने काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर पहिलं काम हेच.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चिऊ समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, उद्या क्लासमध्ये पालकांना बोलावलं आहे, आईचं ऑडिट आहे, तुम्ही येता का? कोणता क्लास, विचारलं. कराटेचा, म्हणाली.

सप्टेंबर संपायच्या आधीच अवंतीने तिला घातलं होतं. चक्कीवरच्या राजवीर सरांकडे. टेकडी म्हणजे तेच. चौकशी केली, एक वर्ग बसून बघितला, चिऊला आवडलं, घातलं. एवढ्यात ठरवलं. मॅट मोजल्यासुद्धा नाहीत.

मला का सांगितलं नाही, विचारलं. अवंती म्हणाली, ‘तू शोधत होतास ना. चिऊच म्हणाली, बाबांना शोधू दे, त्यांना बरं वाटतं.’

रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. ड्रेस कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिला.

९ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवतो.

चिऊबरोबर गेलो, ती सायकलवर, मी मागे स्कूटरवर, मोठ्या रस्त्याने, चक्कीच्या मागच्या बाजूने. जिन्यातलं पीठ काळ्या पँटला लागलं. सरांनी आज पालकांकडून काम करून घेतलं. प्रत्येकाने आपल्या मुलाला रस्त्यात अडवणारा माणूस व्हायचं. मुलाने आवाज चढवून त्याला हटवायचं. मारामारी सगळ्यांत शेवटी, आधी आवाज, असं ते म्हणाले.

बाकीचे बाप भलतेच उत्साहाने अडवत होते. मग आमचा नंबर. चिऊ खालून स्वतःची सायकल घेऊन आली, जिन्यावरून उचलून. मला म्हणाली, ‘हँडल धरा.’

मी धरलं. ग्रिप घामाने ओली होती. ती माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या जवळून तिने माझ्याकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, किंवा मीच पाहिलं नसेल. सर हळूच म्हणाले, ‘आवाज़.’ तिचा आवाज निघेना. सर म्हणाले, ‘फिर से.’

मग ती बोलली. ‘हैंडल छोड़. दुबारा इस मोड़ पर दिखना मत.’

वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द. आमच्या बाथरूमचं दार पातळ आहे. म्हणजे ते तिने त्या दिवशी सकाळी ऐकलं होतं, आणि मग ते ऐकायला मिळेल म्हणून पुढे सायकल चालवत कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिथे तिला ‘और भिया’ ऐकू आलं.

मी हँडल सोडलं. बाजूला झालो. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, इतक्या खऱ्यासारखं घाबरून बाजूला होणं आजवर कोणत्याही पालकाला जमलं नाही, ते हसतात तरी किंवा ताणून धरतात तरी. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, त्याच्यासाठी दर शनिवारी या. मी हो म्हणालो.

येताना चिऊने स्कूटर थांबवायला लावली. सायकल उभी करून माझ्यासाठी कचोरी घेऊन आली. कशाला, विचारलं. म्हणाली, ‘सहज.’

अर्धी मी कागदात गुंडाळून ठेवली. चटणी तिखट होती.

रात्री बापूंचा फोन. म्हणाले, ‘काय, लागली का तालीम?’ मी म्हणालो, हो. नाटकाची का असेना, तालीमच ती.

११ नोव्हेंबर, सोमवार

चिऊ आज कोचिंगला टॉकीजच्या रस्त्याने गेली. एकटी. मी मागून येतो म्हणालो तर नको म्हणाली. तासभर गॅलरीत उभा राहिलो. वाळत घातलेले कपडे दोनदा घडी केले.

वेळेवर आली. भिंतीवर कुणीच नव्हतं, म्हणाली. चक्कीवाल्याला तिने विचारलं. तो मुलगा दसऱ्याच्या आधीच मामाकडे सतवासला गेला, आता तिथेच दुकानात बसतो. म्हणजे दसऱ्यापासून आम्ही दोघं एका रिकाम्या भिंतीला वळसा घालून जात होतो. ती तरी आज गेली. मला कळलं ते तिच्याकडून.

मग आता क्लास सोडायला हरकत नाही, असं मी सहज म्हणून पाहिलं. ती म्हणाली, ‘नाही बाबा. अजून खूप भिंती आहेत.’

उद्यापासून मीही जवळच्या रस्त्याने येणार. कुणी असो नसो. आणि भिया हा शब्द बंद. चिऊसमोर हात पुढे करून तसं वचन दिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी व्हॅन आली नाही, चिऊला शाळेत सोडलं. वाटेत पेट्रोल भरलं. संध्याकाळी क्लासहूनही मीच आणलं, टॉकीजच्या रस्त्याने, ठरल्याप्रमाणे. मान ताठ.

भिंतीवर एक मुलगा बसला होता. तो नव्हे, दुसराच. मोबाइल बघत होता. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. मी स्कूटर हळू केली, हात वर गेला, आणि म्हणालो, ‘और भिया.’

मुलाने मान वर करून कोण म्हणून पाहिलं आणि परत मोबाइलमध्ये घातली. आम्ही पुढे गेलो. मग चिऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी सरांसारखं, न रागावता म्हणाली, ‘फिर से, बाबा.’

मी म्हणालो, आज नको, पेट्रोल संपत आलंय, उद्या नक्की. आणि सरळ घरी आलो.

टाकी सकाळीच फुल केली होती. तेव्हा चिऊ मागेच बसली होती.